माशीच्या कड्यावर दोन सकाळी

प्रिय मीनल आणि अजय,

गेल्या आठवड्यात मी आपल्याच जिल्ह्यात परदेशी जाऊन आले. तुमच्याकडे यायला दोन विमानं बदलावी लागतात. मी गेले ते ठिकाण कोपरगावाहून एका दिवसात गाठता येतं, पण परतल्यावर घरातल्या खुर्च्यासुद्धा मला दोन दिवस अनोळखी वाटत होत्या. जे पाहिलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे तुम्हाला वाचून दाखवताना आईला मध्ये थांबून समजावत बसावं लागणार नाही.

तुम्हाला आठवणारा नगर जिल्हा म्हणजे सपाट रान, उसाचे फड, कारखान्याचा भोंगा आणि मळीचा वास. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्याच्या पलीकडे, जमीन एकदम उभी राहते आणि मग एकदम संपते. खाली कोकण. ते टोक मी चौसष्ट वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. रूथचं पत्र आलं म्हणून पाहिलं.

रूथ माझी जुनी विद्यार्थिनी. मूळची कोल्हारची. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. आता ती रतनवाडीला प्राथमिक शाळेत शिकवते. तिने लिहिलं होतं, "बाई, फाल्गुनात या. इथली माणसं कड्यावरून मध काढतात, ते तुम्ही एकदा पाहायला हवं." डिसेंबरातल्या पाकिस्तानच्या लढाईत दिवे झाकायला खिडक्यांना लावलेले काळे कागद अजून काढायचे होते. ते तसेच ठेवून मी होल्डॉल बांधला.

शेंडी ते रतनवाडी

एस.टी.चा प्रवास सांगण्यासारखा नव्हता. घाटात मला मळमळतं, म्हणून ओडिकोलनचं अत्तर शिंपडलेला रुमाल सबंध वेळ नाकाशी होता. चाळीस वर्षं तो माझ्या कमरेला असतो. शेंडीला धरणाच्या काठावर रूथ उभी होती. तिथून पुढे होडी.

होडीत आम्ही सात माणसं आणि दोन शेळ्या. मधोमध गेल्यावर एक शेळी उठली, होडी कलली आणि मी किंचाळले. किंकाळी इतकी मोठी होती की वल्हवणारा वल्हं टाकून बघायला लागला.

"काय झालं, आजी?"

"काही नाही," रूथ म्हणाली. "आमच्या बाई आहेत. वर्गात पाल पडली की आम्हाला टेबलावर जागा मिळायची नाही. आधी बाई चढायच्या."

सगळे हसले, मीही हसले. पण खरं सांगते, मला ते लागलं. मी पस्तीस वर्षं शाळा चालवली. वेळापत्रक, हजेरी, निकाल, कुठे खाडाखोड नाही. आणि भीतीपुढे मात्र माझं कधी चाललं नाही. आधी किंकाळी निघते, मग मला कळतं काय झालं ते.

रतनवाडीचं देऊळ काळ्या दगडाचं आहे. इतकं कोरलेलं की दगड मऊ असावा असं वाटून मी हात लावून पाहिला. संध्याकाळी रूथकडे नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि कोरा चहा. आपल्याकडे चहात साखर इतकी की चमचा उभा राहील. इथे साखर बेताची आणि दूध नाहीच. दुसऱ्या घोटाला त्याची चव कळायला लागली.

वाडी

दुसऱ्या दिवशी दुपारी रूथने मला वरच्या वाडीत पोचवलं. वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा उरलेली वाट मी तिचे कॅनव्हासचे बूट घालून चढले आणि ती अनवाणी. वाडी अकरा घरांची. त्यातली माणसं पोरांसकट घाटाखाली एका लग्नाला गेली होती. मागे राहिली ती नामा, त्याची बायको चांगुणा आणि चांगुणाचा भाऊ सोमा. ही तिघंच मध काढतात. रूथची सकाळची शाळा, म्हणून ती मला त्यांच्या हवाली करून उतरली.

नामा चाळिशीचा, सुकलेल्या खारकेसारखा. सोमा त्याच्याहून लहान आणि दुप्पट रुंद.

"दाजी," सोमा त्याला म्हणाला, "औंदा लई जड झालाय तुमी. दोर तुटायचा."

"तुजी बहीन चारती म्हनून झालोय. तिला सांग."

चांगुणाने चुलीपुढून न वळता सांगितलं, "दोर तुटला तर एक तोंड कमी हुईल."

संध्याकाळी उन्हं कलल्यावर नामाने मला एका सुळक्याच्या बगलेला नेलं. तिथून कडा आडवा दिसतो. मी कातळाला पाठ लावून, डोळे अर्धे मिटून पाहिलं. समोर, कड्याच्या पोटाला, एक काळी ओली घोंगडी वाळत घातल्यासारखी लोंबत होती. माणसाच्या उंचीची. मग ती शहारली. वरून खालपर्यंत एक लाट गेली, उन्हात चमकली आणि थांबली. पुन्हा लाट. तेव्हा मला कळलं की ते कापड नव्हतं. हजारो माश्या एकमेकींना धरून होत्या, आणि अंगावरून वारा गेला की सगळ्या मिळून एकदाच पाठ हलवत होत्या. आवाज कानाला येण्याआधी छातीत येत होता, देवळात मोठी घंटा थांबल्यावर राहतो तसा.

"आग्या," नामा हळू म्हणाला. त्याने हे लहानपणापासून पाहिलंय. तरी तोही तसाच उभा होता, मी उभी होते तसा.

रात्री जेवायला बसताना चांगुणाने मला नियम सांगितले. मी ते वहीत उतरून घेतले. आंघोळीला साबण नाही. डोक्याला तेल नाही. फूल नाही. कड्यावर बोलणं नाही, माशीजवळ माणसाचा आवाज नको. माशी आली तर पळायचं नाही, बसायचं, घोंगडी ओढून घ्यायची.

"आनि हात उगारायचा न्हाई," ती म्हणाली. "हात उगारला की तिला वाटतं, भांडान हाय."

"आणि डसली तर?"

"डसंल. एक डसली तर एकच डसली. ती मारली की तिच्या वासानं बाकीच्या येत्यात."

मग मी विचारलं, दोर सोमाच का धरतो? नामाला भाऊ आहेत, ते का नाही?

चांगुणा हसली. "भावाच्या हातात दोर देत न्हाईत, आजी. भाऊ वाटनीचा मालक. बायकोचा भाऊ धरतो. त्याला ठावं असतं, दोर सुटला तर बहीन चार पोरं घिऊन त्याच्याच दारात यिऊन बसंल."

सोमा भाकरी मोडत म्हणाला, "म्हनून तर मी जीव लावून धरतो. माज्या दारात जागा न्हाई."

पहिली सकाळ

उजाडायच्या आत निघायचं, कारण गारठ्यात माशी जड असते. कड्याच्या माथ्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला पांढरं फुटत होतं आणि पश्चिमेला काहीच नव्हतं. काहीच नव्हतं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. जमीन पाच पावलांवर संपत होती. पलीकडे धुकं, आणि त्या धुक्याच्या खूप खाली कुठेतरी एक कोंबडा आरवत होता. कोकणातला कोंबडा माझ्या पायांखाली आरवत होता.

कामाची पद्धत अशी. कड्याच्या काठापासून आत अंजनीचं एक जुनं खोड आहे. दोराचं टोक त्याला बांधलेलं. त्याच खोडाला दोराचा एक वेढा, आणि पुढे दोर सोमाच्या कमरेवरून त्याच्या दोन्ही हातांत. सोमा एका दगडाला टाचा रोवून बसतो. नामा दोराच्या दुसऱ्या टोकाला, कमरेला तेलाचा रिकामा डबा आणि विळा, हातात ओल्या पाल्याची धुरकटणारी चूड. चांगुणा काठावर पालथी पडते आणि खाली बघते. बोलायचं नसल्यामुळे ती आपला उजवा हात मागे धरते. पंजा उघडला की सोमाने दोर सोडायचा, मूठ मिटली की थांबायचं, अंगठा वर केला की ओढायचं. सोमाचे डोळे तिच्या हातावरून हलत नाहीत. नामाचा जीव त्या हातात आणि या डोळ्यांत.

मला त्यांच्यामागे दहा पावलांवर एका खडकाशी बसवलं आणि मांडीवर घोंगडी दिली.

नामाने काठाकडे पाठ केली, मला हात जोडले, की कड्याला, ते कळलं नाही, आणि तो दिसेनासा झाला. पंजा उघडला. दोर सरकू लागला. मी दोराकडे पाहत राहिले. मग उगाच, का ते आजही सांगता येत नाही, मी मान उंच करून काठापलीकडे पाहिलं. धुकं फाटलं होतं. त्या फटीतून खालची झाडं दिसली, कोथिंबिरीच्या जुडीएवढी. डोकं गरगरलं, आणि माझा हात, मला न विचारता, कमरेला गेला.

साबण लावला नव्हता. तेल लावलं नव्हतं. रुमाल मात्र चाळीस वर्षांच्या सवयीने जागेवर होता. मी तो नाकाशी धरला आणि खोल श्वास घेतला.

पहिली माशी मनगटावर येऊन बसली. आपल्या घरच्या माशीच्या तिप्पट. मी पाहिलं, आणि पाहताक्षणी दुसऱ्या हाताने तिला चापट मारली.

चापटीचा आवाज त्या शांततेत बंदुकीसारखा झाला. सोमाने मान वळवली नाही. पण त्याचे खांदे ताठ झालेले मी पाहिले.

मग त्या आल्या. माझ्याकडे थोड्या, सोमाकडे पुष्कळ, कारण चांगुणा जमिनीलगत पालथी होती आणि कड्याकडून येताना आधी तो लागत होता. मी घोंगडीत शिरले. किंचाळले नाही, एवढंच. तोंडावर हात दाबून धरला होता. घोंगडीच्या फटीतून पाहिलं. सोमाच्या कपाळावर, गालावर, पापण्यांवर माश्या चालत होत्या. त्याने डोळे मिटले, ओठ आत ओढून घेतले. एक हात सोडून त्या उडवाव्यात एवढं साधं काम. पण त्याचे दोन्ही हात दोरावर होते आणि ते थरथरलेसुद्धा नाहीत. मानेची शीर तेवढी उडत होती. मी पस्तीस वर्षं मुलांना धैर्यावर निबंध लिहायला सांगितले. धैर्य इतकं स्वस्थ दिसतं हे मला माहीत नव्हतं.

चांगुणाने मागे पाहिलं. भाऊ आंधळा झाला होता, तिचा हात आता त्याला दिसत नव्हता. तिने मूठ मिटलेलीच ठेवली. ती काठावरून उठू शकत नव्हती, नवरा अधांतरी होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नियम मोडून, अगदी कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "आजी, तुमीच मोकळ्या हायसा."

ओरडली असती तर मी गोठले असते. तिने नुसतं एक खरं होतं ते सांगितलं. तिथे आठ हातांपैकी सहा गुंतलेले होते. मोकळे दोनच, आणि ते माझे.

मी घोंगडीत एकदा श्वास आत घेतला आणि सावकाश सोडला. मग शाळेत सकाळी टेबलापाशी बसल्यावर करायचे तसं मनात ठरवलं: आधी काय, मग काय. आधी रुमाल. मी तो खडकाच्या कपारीत कोंबला आणि वर मातीच्या दोन मुठी दाबल्या. मग घोंगडी अंगावरून काढली. हे सर्वांत कठीण होतं. मग उभी राहिले. मग चालले. कड्याकडे. दहा पावलं, हात अंगाशी. मानेला एक डसली, मी चालले. कानामागे डसली. ती जागा अजून दुखते, पण तेव्हाचं मला एवढंच आठवतं की मी पावलं मोजत होते आणि आकडा चुकू द्यायचा नव्हता.

सोमाच्या मागे बसले आणि मागून घोंगडी त्याच्यावर आणि माझ्यावर ओढली, पुढे एक फट ठेवून. आत घामाचा, लोकरीचा आणि धुराचा वास.

"डोळ्यावरची काडू नका," तो ओठ न हलवता म्हणाला. "जाईल आपसूक."

दोर माझ्या गुडघ्याला टेकला होता. त्यातून नामाचं वजन येत होतं. तो खाली पाय हलवायचा आणि इथे माझ्या गुडघ्याला कळायचं. एक जिता माणूस एका काथ्याच्या टोकाला, आणि तो माझ्या चापटीमुळे तिथे अडकून होता. खालून धूर दाट वर आला, नामाने चूड फुलवली असावी. किती वेळ गेला सांगत नाही, कारण मला माहीत नाही. सोमाचा एक डोळा जरासा उघडला. फटीतून त्याला बहिणीचा हात दिसला. अंगठा वर झाला आणि तो ओढू लागला.

नामा वर आला. डबा अर्धा भरलेला. त्याने मेव्हण्याचं तोंड पाहिलं, मग विचारलं, "माशी उठली कशानं?"

"वारं फिरलं, दाजी," सोमा म्हणाला.

तो मला झाकत होता. पाहुणीला. चांगुणाही जमिनीकडे पाहत होती. मी गप्प बसले असते तर ते तिथेच संपलं असतं.

"वारा नाही," मी म्हणाले. "माझ्याकडे वासाचा रुमाल होता. आणि मी माशी मारली."

नामाचा चेहरा काळा पडला. मला वाटलं आता हा बोलेल, आणि बोलावंच त्याने. पण तो वळला, लांब जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला आणि विडी पेटवली. चांगुणा माझ्या मानेतले काटे नखाने खरवडून काढत होती. चिमटीत धरून ओढला तर विष आत जातं. माझे अकरा निघाले. सोमाचे तिने मोजले नाहीत.

विडी संपली तेव्हा नामा परत आला. "आता बोलतो," तो म्हणाला. "तवा बोललो असतो तर वंगाळ बोललो असतो. आजी, तुमी चूक केली. मंग घोंगडी आनली. दोनी गोष्टी मी बघितल्यात, असं समजा." आणि डबा डोक्यावर घेऊन चालू लागला.

मुलांनो, शिकलेल्या माणसांच्या कितीतरी सभा मी पाहिल्या आहेत. कुणी असं उठून विडी ओढून आलेलं पाहिलं नाही.

दुसरी सकाळ

संध्याकाळपर्यंत सोमाचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले. ओली माती, चुना, सगळं झालं. "दोन दिसांत उघडत्यात," चांगुणा म्हणाली, जणू डोळे म्हणजे दुकानाच्या फळ्या होत्या. पण अडचण वेगळीच होती. कड्याच्या पलीकडच्या अंगाला दुसरं पोळं होतं, मोठं. आजच्या गडबडीने तिथलीही माशी डिवचली होती, आणि डिवचलेली माशी मध पिऊन उठून जाते. उद्या नाही काढलं तर यंदा नाही.

"दोर मी धरतो," सोमा म्हणाला. "दोराला डोळं कशाला?"

"हाताला लागत न्हाईत. खुनंला लागत्यात," नामा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "सोमाच्या मागं कुनीतरी बसाया पायजे. चांगुनाचा हात बघायचा आनि सोमाच्या खांद्यावर सांगायचं. येता का?"

मी उद्याच्या एस.टी.ची वेळ सांगितली. मग माझं वय सांगितलं. मग खरं ते सांगितलं. "नामा, मी भित्री बाई आहे. आज तुम्ही पाहिलंत."

"म्हाईत हाय. भ्या न वाटनाऱ्याला मी कड्यावर नेतच न्हाई. ते लई हालतं."

"दुसरं कुणी?"

"बाकी समदी लग्नाला. आनि त्यांनी माशी मारलेली न्हाई. तुमाला कळलंय काय हुतं ते."

चांगुणा म्हणाली, "माजा नवरा तुमच्या हातात देती, आजी. सोडला तर मला कोपरगावला न्यायचं."

"आमच्याकडे चहा गोड असतो," मी म्हणाले. तेवढंच सुचलं. त्यावर ती तिघंही हसली, म्हणजे माझा होकार त्यांनी धरला.

झोपण्याआधी सोमाने मला शिकवलं. त्याच्या डाव्या खांद्यावर हात सपाट ठेवला तर सोडायचं, मूठ टेकवली तर थांबायचं, बोटाने दोनदा दाबलं तर ओढायचं. मी त्याच्याकडून वीस वेळा सराव करून घेतला. "बास की, बाई," तो शेवटी म्हणाला. "परीक्षा हाय का?" आहे, असं मी त्याला सांगितलं.

पहाटे पुन्हा तोच गारठा, तेच खोड, दोर मात्र पलीकडच्या अंगाला. नामा उतरला. चांगुणाचा पंजा उघडला, माझा हात सोमाच्या खांद्यावर सपाट. मूठ मिटली, माझी मूठ टेकली. मला आता कड्याकडे पाहावंच लागत होतं, कारण चांगुणाचा हात कड्यावर होता आणि त्याच्यामागे सबंध कोकण होतं. ऊन वरून खाली उतरत गेलं, डोंगरामागून डोंगर, प्रत्येक मागच्याहून निळा, आणि शेवटी एक पांढरी रेघ. ती समुद्र होती की ढग, देव जाणे. माझे डोळे मात्र चांगुणाच्या हातावर होते.

मूठ. बराच वेळ मूठ. खालून धूर, गुणगुण, विळ्याचा ओला आवाज.

आणि मग डबा सुटला. तो कड्यावर आपटला, पुन्हा आपटला, आणि पत्र्याचा आवाज खाली खाली जात राहिला. दोराला एक हिसका बसला आणि दोर ढिला पडला.

सोमाचं अंग दगडासारखं झालं. "काय?" त्याने श्वासात विचारलं.

माझ्या बोटांना उत्तर ठाऊक होतं. दोनदा दाब. ओढ. ओढ त्याला वर. माझं सगळं अंग तेच सांगत होतं, होडीत सांगत होतं तसं, आणि बोट उचललंही गेलं. पण मी चांगुणाचा हात पाहिला. मूठ. तिच्या हाताच्या शिरा टरारलेल्या, पण मूठ मिटलेलीच. तिला खालचं दिसत होतं. मला नाही.

मी माझी मूठ सोमाच्या खांद्यावर टेकवली आणि तशीच ठेवली. "मूठ," मी त्याच्या कानात म्हणाले.

एक माशी माझ्या बोटांच्या सांध्यावर येऊन बसली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती चालत सोमाच्या सदऱ्यावर गेली आणि तिथून कुठे गेली मला माहीत नाही.

मग चांगुणाचा अंगठा वर झाला. दोनदा दाब. सोमाने ओढलं, दोर ताणला, वजन आलं, आणि काही वेळाने काठावर नामाचे हात दिसले, मग त्याचं डोकं. चांगुणा उठून बसली. एकदम मोठ्याने श्वास घेतला, जणू सबंध सकाळ घेतला नव्हता.

नामाने खाली बसून पाणी मागितलं. डबा सुटला तेव्हा तो तोलासाठी दोर ढिला करून एका कपारीत सरकला होता, असं तो म्हणाला. दोर वरच्या एका दगडी नाकाखाली अडकला होता. "तवा वडला असता," तो म्हणाला. पुढचं त्याने हाताने दाखवलं, पानावरून दाणा उडवावा तसं.

डबा गेला होता, डब्यातला मध गेला होता. मोठ्या पोळ्यातला एक तुकडा तेवढा त्याच्या कमरेच्या फडक्यात राहिला होता, हाताच्या तळव्याएवढा. पहिला तुकडा दोर धरणाऱ्याचा, अशी तिथली रीत. नामाने तो सोमाच्या हातात दिला. सोमाने चाचपून पाहिला, मेण आणि मध बोटांवरून ओघळत होतं. त्याने त्याचे दोन भाग केले. मग अर्धा भाग हवेत पुढे धरला, डावीकडे, जिथे मी नव्हते, आणि डोळे मिटलेलं ते सुजलेलं तोंड वळवत मला शोधू लागला.

"आजी? कुटं हायसा?"

"इथे," मी म्हणाले, आणि त्याच्या हाताखाली माझे दोन्ही हात धरले.

तुमची,
आजी